सेन्सर असूनही गॅरेजचं दार मांजर-कुत्र्यावर येतंय? आधी हे तपासा

"सेन्सर लावलाय, त्याचा दिवाही पेटतो, मग दार मांजरावर आलंच कसं?" हा प्रश्न मी स्वतः विचारला आहे, तोही प्राण्यांच्या दवाखान्यात, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मनी घेऊन. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. ओळखीत कुणाकडे मोटरवर चालणारं गॅरेजचं दार असेल आणि घरात कुत्रं-मांजर असेल, तर मी आधी वाकून त्यांच्या सेन्सरची उंची बघते.

आमच्याकडे घडलं ते असं. दार खाली येता येता मध्येच थांबायचं आणि परत वर जायचं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. कधी वाळलेलं पान आडवं आलेलं असायचं, कधी कोळ्याचं जाळं, कधी काहीच दिसायचं नाही. कंटाळून दार बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने दोन्ही सेन्सर काढून जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर लावून दिले. "आता कटकट नाही," म्हणाला. आणि खरंच, कटकट गेली. दार एकदाही मध्ये अडलं नाही. दीड महिन्याने मनी उंबऱ्यावर पसरून झोपलेली असताना मी गाडी आत घेतली, बटण दाबलं आणि पिशव्या उचलायला वळले. दाराची खालची रबरी पट्टी अंगाला लागल्यावर ती दचकून निसटली. शेपूट मात्र खाली राहिली. दार उलटलं नाही. ते टेकलं ते टेकलंच. मी धावत जाऊन बटण दाबेपर्यंत तिने जिवाच्या आकांताने हिसके देऊन शेपूट सोडवून घेतली होती आणि पलंगाखाली पळाली होती.

रक्ताचा थेंब नव्हता. थोडक्यात निभावलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मातीच्या ट्रेमध्ये ओलावा दिसला नाही, शेपूट दोरीसारखी लोंबत होती, तेव्हा दवाखाना गाठला. पुढचं खाली सांगते, कारण ते प्रत्येक मांजरवाल्याला माहीत असायला हवं. आधी दाराबद्दल.

दार सारखं परत वर जाणं हा आम्ही बिघाड समजत होतो, आणि तो "दुरुस्त" केला म्हणजे दाराची राखण काढून टाकली. ही चूक मी पुढे इतक्या घरांत पाहिली, की आता मला वाटतं, सेन्सर असून झालेल्या अपघातांची सुरुवात बहुतेक वेळा अशाच एखाद्या सोयीच्या दुरुस्तीत असते.

सेन्सर नेमकं काय बघतो

दाराच्या दोन्ही बाजूंना रुळांच्या खालच्या टोकाला छोट्या डब्या असतात. एकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरी तो पकडते. दार खाली येताना किरण तुटला की मोटर दाराला उलट वर नेते. एवढंच. तो किरण म्हणजे एक ताणलेला दोरा आहे, पडदा नव्हे. दोऱ्याच्या वर काय आहे, खाली काय आहे, चार बोटं पुढे काय आहे, याची त्याला काही खबर नसते.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती मोटरला असा किरण किंवा दाराच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी सक्तीची झाली. लहान मुलं दाराखाली सापडून दगावत होती, म्हणून तो नियम आला. किरण जमिनीपासून ६ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा वर नसावा, हेही तिथूनच आलं आहे. रांगणारं मूल समोर ठेवून ठरवलेली ही उंची आहे. मांजराचा विचार त्यात नाही, हे लक्षात असू द्या.

घरी परत आल्यावर मी पट्टी घेऊन मनी कुशीवर झोपलेली असताना तिची उंची मोजली. ११ सेंटिमीटर. म्हणजे सेन्सर नियमाप्रमाणे अगदी १५ सेंटिमीटरवर असता, तरी ती त्याच्या खालीच होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर तर प्रश्नच नव्हता.

मोठ्या कुत्र्याचं वेगळंच. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड दारात उभा असेल तर किरण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधून, पोटाखालून, आरपार जातो. चालताना पाय आडवे येतात म्हणून दार थांबतं. तोच कुत्रा दारात उभा राहून बाहेरचं काही न्याहाळत असेल तर सेन्सरच्या दृष्टीने तिथे कुणी नाही. आणि किरण दाराच्या थोडा आतल्या बाजूला असतो, बरोबर दाराखाली नव्हे. आत अंग टेकून आणि तोंड बाहेर काढून बसलेला कुत्रा दिसेल, पण बाहेरच्या बाजूने दाराला चिकटून झोपलेला दिसणार नाही.

आता मूळ दुखणं: दार मध्येच उलटतं

उंची वाढवायच्या आधी खरं कारण शोधा. बहुतेक वेळा ते दहा मिनिटांत सापडतं आणि पान्याचीही गरज लागत नाही.

दोन्ही डब्यांवर बारीक दिवा असतो. किरण नीट पोचत असेल तर दोन्ही दिवे स्थिर पेटलेले राहतात. पकडणाऱ्या डबीचा दिवा विझला असेल किंवा लुकलुकत असेल तर किरण पोचत नाही. मऊ कोरड्या कापडाने दोन्ही काचा पुसा. जाळी, धूळ, पाण्याचे वाळलेले डाग, आणि हो, केस. आमच्याकडे कुत्रा आल्यापासून खालच्या कोपऱ्यात केसांचे बोळे साठतात आणि वाऱ्याबरोबर नेमके सेन्सरपाशी जाऊन अडकतात. मी दर रविवारी झाडू तिथपर्यंत नेते.

पुसूनही दिवा लुकलुकत असेल तर नेम चुकला आहे. डबीचा कोन हलला की किरण बाजूला जातो. कुत्र्याची शेपटी, सायकलचं चाक, केरसुणी, कशाचाही धक्का पुरतो. एका डबीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दोरी ताणून बांधा. दोरी दोन्हीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर आहे का बघा, मग पकडणारी डबी हळूहळू फिरवत दिवा स्थिर होईपर्यंत नेम जुळवा आणि स्क्रू घट्ट करा. दिवा स्थिर झाल्यावर रुळाला हाताने हलकीशी थाप मारा. दिवा पुन्हा थरथरला तर पकड सैल आहे. दार उतरताना रूळ हादरतो, डबी हलते, किरण क्षणभर तुटतो आणि दार वर जातं. "काहीच नसताना उलटतं" या तक्रारीमागे बरेचदा हाच सैल स्क्रू असतो.

तक्रार ठरावीक वेळेलाच असेल, म्हणजे फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळी, तर ऊन बघा. तिरपं ऊन थेट पकडणाऱ्या डबीत शिरलं की तिला किरण ओळखता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही डब्यांची अदलाबदल करून पकडणारी सावलीच्या बाजूला न्या. ते जमत नसेल तर तिच्याभोवती पुठ्ठ्याची बोटभर नळी बसवा, टोपीच्या पुढच्या छज्जासारखी.

वायर शेवटी बघा, पण बघा जरूर. सेन्सरच्या वायरी बारीक असतात आणि खाली जमिनीलगत जातात. पिल्लू असलेल्या घरात मी त्या कुरतडलेल्या पाहिल्या आहेत. उंदीरही तेच करतात. तुटलेली वायर असेल तर बहुतेक मोटरी दार खाली घ्यायला नकार देतात, आणि तसंच व्हायला हवं. अर्धवट कुरतडलेली असेल तर दार कधी ऐकतं, कधी नाही. मोटरचा प्लग काढून वायर बदला आणि नवीन वायर नळीतून न्या.

एवढं सगळं करूनही दार उलटत असेल, पण सेन्सरचे दिवे पूर्ण वेळ स्थिर असतील, तर दोष किरणाचा नाही. दार कुठेतरी अडतंय आणि मोटरला ती अडचण जाणवतेय. रूळ वाकलेला, चाक घासलेलं, बिजागरी कोरडी, स्प्रिंग थकलेली, यांपैकी काहीतरी. ते पुढे येतंच आहे.

केलेले "उपाय" आधी काढा

काही घरांत मला दोन्ही डब्या एकमेकींसमोर चिकटपट्टीने गुंडाळून वर मोटरपाशी टांगलेल्या दिसल्या. किरण कधीच तुटत नाही, दार कधीच अडत नाही. तुमच्याकडे असं असेल तर हे वाचणं थांबवून आधी त्या खाली आणा. तोपर्यंत मोटर बंद ठेवून दार हाताने चालवा.

दुसरा प्रकार जास्त घरांत आहे, आणि तो घातक आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. भिंतीवरचं बटण दाबून धरलं की बहुतेक मोटरी सेन्सरकडे दुर्लक्ष करून दार खाली घेतात. ही सोय मुद्दाम दिलेली आहे, सेन्सर बिघडला तर दार बंद करता यावं म्हणून, आणि दाबून धरणारा माणूस दाराकडे बघत उभा असेल हे गृहीत धरून. पण सेन्सर महिनोन्महिने बिघडलेला राहतो आणि घरातल्या सगळ्यांना बटण दाबून धरायची सवय लागते, मुलांनाही. मग कुणी दाराकडे बघत नाही. अंगठा बटणावर आणि डोळे फोनवर.

सेन्सरची उंची मी आता १० ते १२ सेंटिमीटरवर ठेवली आहे. तुमच्या मोटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत जितकं खाली जमेल तितकं खाली घ्या. खाली घेतल्यावर पानं जास्त आडवी येतील, दार जास्त वेळा उलटेल. उलटू द्या, पान उचला.

मांजर किंवा लहान जातीचा कुत्रा असेल तर एका किरणावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दाराच्या खालच्या कडेला बसणारी दाब ओळखणारी रबरी पट्टी मिळते. तिला अडथळा लागला की दार लगेच उलटतं. अनेक किरण एकावर एक असलेला सेन्सरही मिळतो, तो दोऱ्याचा खरोखरच पडदा करतो. दोन्हींसाठी मोटर त्याला जुळणारी आहे का हे आधी विचारा. वाट्टेल ती जोडणी करून चालत नाही.

किरण चुकला तर दार किती जोरात दाबतं?

दाराची दुसरी राखण म्हणजे मोटरची स्वतःची जाणीव. खाली काही लागलं की तिने थांबून वर जायला हवं. हे तपासायची रूढ पद्धत अशी: दार पूर्ण उघडा, मधोमध जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दार खाली घ्या. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत दार वर जायला हवं. तिथेच थांबलं, किंवा फळी दाबत राहिलं, तर मोटरचा जोर जास्त लावलेला आहे किंवा खालच्या टोकाची मर्यादा चुकीची आहे.

फळीची परीक्षा पास झाली तरी मी आणखी एक करते. फळी कठीण असते, मांजराचं पोट तसं नसतं. स्वयंपाकघरातल्या कागदाचा नवा रोल आडवा ठेवून दार खाली घ्यायचं. रोल जरासा चेपून दार परत गेलं तर ठीक. रोल पार चपटा झाला तर तो जोर कुणाच्याही बरगड्यांना जास्त आहे. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी कडकन मोडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून मला जे समजलं ते कुठल्याही पुस्तिकेने समजावलं नसतं. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात मिटत्या कडेचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाऊ नये आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली यावा असं म्हटलं आहे. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलो वजन अंगावर ठेवल्याइतका दाब. माणसासाठी ठरवलेली ही वरची हद्द आहे. चार किलोच्या मांजरासाठी हा आकडा काय आहे याचा विचार करा, आणि जोर शक्य तितका कमी ठेवा.

आता मनीच्या शेपटीवरून दार का उलटलं नाही, ते. जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर, शेवटच्या इंचभरात, मोटर अडथळ्याला अडथळा मानत नाही, जमीन मानते. तसं नसतं तर फरशीवरच्या प्रत्येक खड्याला दार वर गेलं असतं. ती चाचणीसुद्धा इंचभर किंवा त्याहून जाड वस्तूचीच आहे. मांजराची शेपूट, पिल्लाचा पंजा, झोपलेल्या कुत्र्याच्या कानाची पाळी, हे सगळं त्या इंचाच्या आतलं. त्यांना वाचवणारं यंत्र त्या दारात नाही. तिथे फक्त बघणारे डोळे उपयोगी पडतात. म्हणून आता दार जमिनीला टेकेपर्यंत मी तिथून हलत नाही. सात फुटी दार सेकंदाला सात इंच या नेहमीच्या वेगाने उतरायला बारा सेकंद घेतं. मोजून पाहिले आहेत.

जोर कमी केल्यावर दार उगाच उलटायला लागलं तर जोर परत वाढवू नका, दाराचा तोल बघा. दार बंद असताना, आणि फक्त बंद असतानाच, मोटरपासून लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा. हाताने अर्ध्यापर्यंत उचला आणि हळूच आधार कमी करा. तोल बरोबर असेल तर दार तिथेच उभं राहतं, फार तर बोटभर हलतं. धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग थकल्या आहेत आणि दाराचं सगळं वजन मोटर पेलते आहे. लाकडी मोठं दार शंभर किलोच्या पुढे सहज जातं. स्प्रिंगला मात्र हात लावू नका. तिच्यात दाराएवढं वजन उचलायची ताकद पिळून भरलेली असते, पाना निसटला तर हात मोडतो. ते काम जाणत्या माणसाचं. दाराच्या दोन्ही बाजूंना लांब ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंग असतील तर त्यांच्या आतून सुरक्षा-तार ओवलेली आहे ना, एवढं नजरेने बघा. नसेल तर तुटलेली स्प्रिंग चाबकासारखी सुटते, आणि खाली कुत्र्याचं अंथरूण असतं.

दार वर जातानाचे धोके

सेन्सर फक्त दार खाली येताना काम करतो. वर जाताना तो नसल्यासारखाच. म्हणून कुत्र्याचा पट्टा दाराच्या मुठीला कधीही बांधू नका, मिनिटभरासाठीही नाही. आतून कुणी रिमोट दाबला तर पट्टा वर जातो आणि त्याबरोबर मान. हुक हवा असेल तर भिंतीला ठोका, दारापासून दूर.

मांजरांना उघड्या दाराचा वरचा भाग फार आवडतो. छताला समांतर, उबदार, कुणाच्या हाताला न लागणारी जागा. दार खाली यायला लागलं की ते गोंधळून पुढच्या टोकाकडे सरकतं, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीत आणि दारात सापडतं. फळ्या-फळ्यांच्या दारात वळणावर फळ्यांमधली फट उघडते आणि सरळ होताना मिटते. पंजा तिथेही अडकतो. तुमचं मांजर कपाटांवर चढणारं असेल तर दार बंद करण्याआधी वर बघायची सवय लावून घ्या, आणि दाराजवळच्या शिडीसारख्या फळ्या, खोकी हलवा. आमच्या शेजारणीचं मांजर पेंटच्या डब्यांच्या उतरंडीवरून वर जायचं. डबे हलवल्यावर प्रश्न मिटला.

गुंडाळत जाणारं शटर असेल तर वरच्या गुंडाळीला दोन्ही टोकं बंद असलेली पेटी हवीच. उघड्या गुंडाळीवर मांजर झोपतं, पक्षी घरटं करतात, आणि शटर फिरायला लागलं की बाहेर उडी मारायला वेळ नसतो.

हवा यावी किंवा मांजराला ये-जा करता यावी म्हणून दार वीतभर उघडं ठेवणारे बरेच आहेत. मीही ठेवायचे. त्यात दोन घोटाळे आहेत. एक, पुढच्या वेळी बटण दाबल्यावर दार वर जाईल की खाली, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरं, मांजराला ती फट आपली वाट वाटायला लागते आणि दार हलत असतानाही ते तिथूनच सुसाट निघतं. वाट द्यायचीच तर बाजूच्या दाराला किंवा भिंतीला मांजरासाठी झडप बसवा, आणि मोठ्या दाराशी तिचा संबंध पूर्ण तोडा.

मोटरचा आवाज आला की कुत्रं धावतं

याचं कारण प्रेम आहे. दाराचा आवाज म्हणजे घरचं माणूस आलं, हे कुत्र्याने आपलं आपण शिकलेलं असतं. ओरडून ते जात नाही. त्या आवाजाचा अर्थ बदलावा लागतो.

आमच्या कुत्र्याला मी असं शिकवलं. गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात, दारापासून चांगलं लांब, एक जुनी सतरंजी टाकली. आधी दार न चालवताच तिच्यावर बसायला शिकवलं, बसला की खाऊ. मग कुणाला तरी बटण दाबायला सांगितलं, दार वीतभर उचलायचं आणि थांबवायचं. आवाज आला, तो सतरंजीवर टिकला, खाऊ. उठला तर खाऊ नाही, पण रागावणंही नाही. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या आठवड्यात आवाज आल्याबरोबर तो स्वतःहून सतरंजीकडे वळला आणि माझ्याकडे बघत बसला. त्या दिवशी मी त्याच्या गळ्यात पडून रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरीही दार उघडताना घरातून गॅरेजमध्ये येणारं दार बंद असतं, हा आमच्याकडे नियम आहे. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी नकोत. शिकवलेला कुत्राही समोरून दुसरं कुत्रं गेलं की सगळं विसरतो, आणि मांजर शिकवण्यावर तर मी भरवसाच ठेवत नाही.

फोनवरून दार आणि आपोआप बंद होणारं दार

घरात प्राणी असेल तर ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी सोय मी बंदच ठेवते. फोनवरून दूरवरून दार बंद करायची वेळ आली तर आधी कॅमेऱ्यात दाराचा पूर्ण उंबरा दिसायला हवा. अमेरिकी नियमानुसार असं दुरून बंद होणारं दार हलण्याआधी किमान पाच सेकंद आवाज आणि लुकलुकता दिवा यांनी इशारा देतं. माणसासाठी तो इशारा पुरेसा आहे. आवाजाला बिचकून दारात थबकलेल्या मांजराला तो उलटाच पडू शकतो.

सापडलंच तर

पहिल्यांदा बटण दाबून दार वर घ्या. प्राण्याला ओढू नका. दार हलत नसेल तर लाल दोरी ओढून दोघांनी मिळून दार उचला, आणि ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून आधार लावा. स्प्रिंग तुटलेली असेल तर दार अतिशय जड लागेल आणि हातातून सुटू शकतं, म्हणून आधाराशिवाय हात आत घालू नका.

दुखावलेला प्राणी आपल्या माणसालाही चावतो. अंगावर जाड टॉवेल टाकून, सपाट पुठ्ठ्यावर किंवा फळीवर सरकवून उचला. श्वास घेताना त्रास होत असेल तर तोंड बांधू नका. हिरड्या बघा. पांढुरक्या पडल्या असतील तर आत रक्तस्राव असू शकतो, एक मिनिटही घालवू नका. आणि तो उठून चालायला लागला, शेपटी हलवली, तरी दवाखान्यात न्या. छाती किंवा पोट दबलेलं असेल तर त्रास काही तासांनी दिसायला लागतो.

मांजराची शेपूट ओढली गेली असेल तर हे लक्षात ठेवा, कारण मला माहीत नव्हतं. शेपटीच्या मुळाशी ज्या नसा असतात त्याच मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडेही जातात. शेपूट जोरात ओढली गेली की त्या ताणल्या जातात, कधी तुटतात. बाहेरून जखम नसते. मांजर लपून बसतं, खातही असतं, पण लघवी करू शकत नाही. मनीचं मूत्राशय डॉक्टरांनी माझ्या बोटांना लावून दाखवलं. पोटात लिंबाएवढा टणक गोळा. त्यांनी हलक्या दाबाने ते रिकामं केलं आणि मला शिकवलं. मी तीन आठवडे दिवसातून तीनदा तिचं मूत्राशय रिकामं करत होते, ती माझा हात चाटत असताना. एके दिवशी सकाळी ट्रेमध्ये ओली माती दिसली. शेपटीचं टोक मात्र अजून लोंबतं. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्यावर तिला जाणवत होतं, म्हणून डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. शेपूट सापडल्यानंतर पुढचे बारा तास लघवी होते की नाही यावर लक्ष ठेवा, आणि झाली नाही तर थांबू नका.

माणूस बोलावल्यावर

फळीची किंवा कागदाच्या रोलची परीक्षा नापास झाली, तोल बिघडलेला निघाला, किंवा सेन्सर सगळं करूनही ऐकेना, तर मोटरचा प्लग काढून ठेवा, दार हाताने बंद करा आणि जाणता माणूस बोलवा. तो आल्यावर बाजूला जाऊ नका. जोर किती लावलाय, खालची मर्यादा कुठे आहे, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. काम झाल्यावर त्याच्यादेखतच फळी ठेवा, रोल ठेवा, झाडूच्या दांड्याने किरण तोडून बघा. हीच परीक्षा पुढे दर महिन्याला स्वतः करा. मी विजेचं बिल भरते त्याच दिवशी करते, म्हणजे विसरत नाही.

सेन्सर लावताना तो जमिनीपासूनचं अंतर मोजेल तेव्हा शेजारी उभ्या राहा, आणि पट्टी तुमच्या हातात ठेवा. "पानं येतात इथे, थोडं वर घेऊ का?" असं तो विचारेल. नको म्हणा.